गाभा वाचला, योजना अडली: 1957 च्या परकीय चलन टंचाईचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण का निवडले

गरीब देशांच्या राष्ट्रीय योजना अपुऱ्या का पडतात, हा विषय निघाला की दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले, योजनाच चुकीची होती. दुसरे, योजना चांगली होती पण अंमलबजावणीत माती खाल्ली. दोन्ही उत्तरे मला आळशी वाटतात. नेमका कोणता निर्णय, कोणाच्या टेबलावर, कोणत्या महिन्यात झाला आणि त्या वेळी त्या माणसासमोर कोणते आकडे होते, हे त्यांतून कळत नाही.

भारताच्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे (1956-61) पहिले दीड वर्ष या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्या काळात नव्याने स्वतंत्र झालेले अनेक देश या योजनेकडे नमुना म्हणून पाहत होते. आकडेशास्त्र भक्कम होते, नेतृत्वाला जनाधार होता, नोकरशाही चालती होती. तरीही योजना सुरू होऊन वर्ष सरते न सरते तोच परकीय चलनाची गंगाजळी आटू लागली आणि दोन वर्षांत योजनेला कात्री लावावी लागली. ही कात्री कुठे पडली आणि कुठे पडली नाही, हा या लेखाचा मुख्य विषय.

सार्वजनिक नोंदीतली माणसे नावाने येतील. बाकी अधिकारी, परवाना देणारे, परवाना घेणारे यांची ओळख त्यांच्या टेबलापुरतीच ठेवली आहे.

पार्श्वभूमी

पहिली योजना (1951-56) अपेक्षेपेक्षा बरी गेली. राष्ट्रीय उत्पन्न दरसाल 2.1 टक्क्यांनी वाढावे असे ठरले होते, ते 3.6 टक्क्यांनी वाढले. पाऊस साथ देत होता. 1954-55 मध्ये धान्याचे भाव इतके उतरले की ते सावरायला सरकारला खरेदीत उतरावे लागले. रिझर्व्ह बँकेकडे साडेसातशे कोटींच्या आसपास परकीय मालमत्ता होती. त्यातला मोठा भाग म्हणजे दुसऱ्या महायुद्धात साठलेली आणि खर्च होत होत उरलेली स्टर्लिंग शिल्लक, म्हणजे ब्रिटनकडे जमा असलेले भारताचे पौंड. या सगळ्याचा अर्थ दिल्लीत असा लावला गेला की शेतीचा प्रश्न बऱ्यापैकी मार्गी लागला आहे आणि परकीय चलन ही काही आपली अडचण नाही. पावसाने दिलेले यश योजनेच्या नावे जमा झाले.

मार्च 1955 मध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी योजनेचा आराखडा मांडला. त्यातला तर्क सरळ होता. देशाला यंत्रे हवीत आणि ती कायम बाहेरून आणणे परवडणारे नाही. म्हणून आधी पोलाद आणि यंत्रे बनवणारी यंत्रे यांत गुंतवणूक करायची. एकूण गुंतवणुकीचा साधारण तिसरा हिस्सा भांडवली वस्तूंकडे वळवायचा. मग लोकांना रोजच्या वापरासाठी कापड, तेल, भांडीकुंडी कुठून मिळणार? ती हातमाग, ग्रामोद्योग आणि छोटे कारखाने पुरवतील. यासाठी पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1955 मध्ये वेगळा अहवाल दिला होता. म्हणजे या रचनेला दोन पाय होते: एक पोलादाचा, दुसरा चरखा-मागाचा. हा दुसरा पाय पुढे महत्त्वाचा ठरतो.

मे 1956 मध्ये योजना संसदेपुढे आली. सरकारी खर्च 4,800 कोटी रुपये, पाच वर्षांत राष्ट्रीय उत्पन्नात 25 टक्के वाढ, शेतीबाहेर 80 लाख नवे रोजगार.

पैशांचा हिशेब मात्र नीट वाचावा असा आहे. 1,200 कोटी तुटीच्या अर्थभरण्यातून, म्हणजे मुख्यतः नोटा छापून. 800 कोटी परदेशी मदतीतून. त्यातल्या बऱ्याच रकमेचे करार अजून व्हायचे होते. आणि 400 कोटी कुठून येणार हे योजनेत लिहिलेलेच नव्हते. ती 'तूट' म्हणून उघड दाखवली होती आणि देशांतर्गत प्रयत्नांतून भरून काढू असे म्हटले होते. बेरीज 2,400 कोटी. अर्धी योजना भरवशावर उभी होती. हे लपवलेले नव्हते, छापील दस्तऐवजात सगळ्यांसमोर होते.

आक्षेपही वेळेवर आले होते. सरकारने नेमलेल्या अर्थतज्ज्ञांच्या मंडळात बी. आर. शेनॉय यांनी एकट्याने भिन्नमतपत्रिका लिहिली: बचत जेवढी, तेवढीच योजना; त्यापुढे गेलात तर भाव चढतील. मुंबई विद्यापीठातले सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद वेगळ्या दिशेने बोलत होते. कामगाराला खायला धान्य आणि अंगावर कापड आधी लागते, त्याचा पुरवठा वाढल्याशिवाय पोलादात घातलेल्या मजुराची मजुरी वस्तूंच्या रूपात पुरी पडणार नाही, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे इशारे होते, तेही दोन वेगवेगळ्या तंबूंतून. ते मान्य न करण्याला राजकीय कारण होते. पाच वर्षांत काहीतरी ठळक दिसले पाहिजे ही निकड खरी होती आणि लोकसभेच्या दुसऱ्या निवडणुका तोंडावर होत्या.

अडचण: वही कोणाकडेच नव्हती

योजनेच्या पाच वर्षांचा परकीय चलनाचा अंदाज असा होता. आयात 4,340 कोटी, निर्यात 2,965 कोटी, इतर व्यवहारांतून 255 कोटींची निव्वळ मिळकत. म्हणजे 1,120 कोटींची तूट. यातले 200 कोटी गंगाजळीतून काढायचे, बाकीचे मुख्यतः परदेशी मदतीतून.

निर्यातीचा अंदाज जवळपास बरोबर आला. ताग, चहा आणि कापड ही तेव्हाची मुख्य निर्यात. ती फार वाढणार नाही हे योजनाकारांनी धरलेच होते, आणि पाच वर्षांत ती तीन हजार कोटींच्या आसपासच राहिली. चूक झाली आयातीत. ती अंदाजापेक्षा सुमारे हजार कोटींनी जास्त झाली. त्यातही घाव पहिल्याच वर्षी बसला. पाच वर्षांत मिळून जे 200 कोटी काढायचे होते, त्याहून जास्त गंगाजळी 1956-57 या एका वर्षात गेली.

हे कसे झाले, ते एका परवान्याच्या प्रवासातून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण व्यवस्था अशीच चालत होती. 1956 मध्ये मुंबईतल्या एका कारखानदाराने यंत्रांच्या आयातीसाठी अर्ज केला. परवाना देणारे टेबल दोन गोष्टी पाहायचे: ही यंत्रे देशात मिळतात का, आणि हा उद्योग योजनेच्या प्राधान्यक्रमात बसतो का. दोन्हींचे उत्तर अनुकूल असले की शिक्का. कारखानदार मँचेस्टरला मागणी नोंदवतो. यंत्र बनायला वर्ष-दीड वर्ष लागते. थोडे पैसे मागणीबरोबर, उरलेले माल जहाजावर चढल्यावर. म्हणजे शिक्का 1956 चा आणि पौंड जायचे ते 1957-58 मध्ये.

आता असे हजारो शिक्के. पोलाद खात्याचे वेगळे, रेल्वेचे वेगळे, संरक्षण खरेदी वेगळी, खाजगी उद्योगांचे वेगळे. पुढच्या बारा महिन्यांत, अठरा महिन्यांत या सगळ्यांपोटी किती पौंड-डॉलर द्यावे लागतील, याची एकत्र बेरीज करणारे टेबल नव्हते. रिझर्व्ह बँकेला दिसायचे ते प्रत्यक्ष गेलेले पैसे, देणे म्हणून बांधलेले नव्हेत. परवाना खात्याला दिसायचे परवाने, पण त्यातले किती वापरले जातील हे नाही. नियोजन आयोगाला पाच वर्षांची बेरीज दिसत होती, चालू तिमाही दिसत नव्हती. परकीय चलनाचे अंदाजपत्रक बनवण्याची पद्धत बसली ती टंचाई डोक्यावर आल्यानंतर.

त्यात 1956 चे बरेचसे वर्ष आयात धोरण सैल होते. पहिल्या योजनेच्या शेवटी चलन मुबलक होते, तेव्हाचा सैलपणा तसाच पुढे चालू राहिला. पोलाद स्वदेशात बनवायचे कारखाने उभे करायलाच आधी पोलाद आयात करावे लागत होते, आणि ते अंदाजापेक्षा बरेच जास्त लागले. वर्षाच्या अखेरीस सुएझ कालवा बंद पडला, जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, भाडे वाढले. सुएझला दोष देऊन मोकळे होणे तेव्हाही सोयीचे होते. पण कालवा एप्रिल 1957 मध्ये खुला झाला आणि गंगाजळीची गळती त्यानंतरही चालूच राहिली.

याच सुमारास अर्थखात्याची सूत्रे बदलली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर राहिलेले चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री होते. मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ त्यांनी जुलै 1956 मध्ये मंत्रिपद सोडले. मराठी वाचकाला ही घटना संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासातली म्हणून माहीत असते. एप्रिलमध्ये योजना सुरू होऊन जेमतेम चौथ्या महिन्यात तिच्या तिजोरीवरचा माणूस गेला, ही तिची दुसरी बाजू. ऑगस्टअखेर टी. टी. कृष्णम्माचारी अर्थमंत्री झाले. त्याआधी ते वाणिज्य आणि उद्योग मंत्री होते, म्हणजे आयात परवाने वाटणाऱ्या खात्याचेच प्रमुख. देशमुख राहिले असते तर गळती थांबली असती, असे माझे म्हणणे नाही. ते गेले तेव्हा सैल परवान्यांचा पूर आधीच सुरू झाला होता. पण आधी उद्योग वाढवण्यासाठी शिक्के सढळ ठेवणारे मंत्री आणि नंतर त्याच शिक्क्यांची बिले भागवणारे मंत्री एकच असावेत, हा योगायोग बोलका आहे.

दुसरी अडचण: धान्याचा आकडा

योजनेत धान्योत्पादनाचे लक्ष्य 650 लाख टनांवरून 750 लाख टन असे होते. योजना मंजूर होऊन वर्ष व्हायच्या आत हे लक्ष्य 805 लाख टनांवर नेण्यात आले. कारण उघड होते: एवढी मजुरी बाजारात येणार, लोक आधी धान्यच घेणार, धान्य नसेल तर भाव भडकणार. निदान बरोबर होते. पण लक्ष्य वाढवताना शेतीची तरतूद त्या प्रमाणात वाढली नाही. जास्तीचे धान्य सामूहिक विकास योजना, सहकार आणि 'लोकांचा उत्साह' यांतून यायचे होते.

शेती, जमीन, पाटबंधारे हे राज्यांचे विषय. दिल्लीत बसून पोलादाचा कारखाना उभा करता येतो, कारण जमीन, करार, पैसा सगळे केंद्राच्या हातात असते. 805 लाख टन धान्य मात्र तहसीलदार, ग्रामसेवक, सावकार, कूळ आणि मालक यांच्यामधून वाट काढत पिकायचे. ज्या गोष्टीवर योजनाकारांचा सर्वांत कमी ताबा, तिच्यावरच सर्वांत मोठी मदार टाकली होती.

1957 मध्ये पावसाने दगा दिला. 1956-57 मध्ये साधारण 700 लाख टन धान्य झाले होते, ते 1957-58 मध्ये 643 लाख टनांवर आले. सुदैवाने ऑगस्ट 1956 मध्ये अमेरिकेशी पी. एल. 480 या त्यांच्या अन्नमदत कायद्याखाली गव्हाचा पहिला मोठा करार झालेला होता आणि त्या गव्हाचे पैसे रुपयांत द्यायचे होते. हा करार नसता तर चलनटंचाईचे रूपांतर थेट उपासमारीत झाले असते. अशोक मेहता यांच्या अध्यक्षतेखाली अन्नधान्य चौकशी समिती नेमावी लागली आणि 1957 च्या अखेरीस तिचा अहवाल आला.

समोर असलेले पर्याय

1957 च्या मध्यावर दिल्लीपुढे ढोबळमानाने पाच वाटा होत्या.

सगळ्या योजनेचा आकार सरसकट कमी करणे, ही पहिली. शेनॉय यांचे म्हणणे दोन वर्षे उशिरा मान्य करण्यासारखे होते. अर्धवट उभ्या कारखान्यांचे काय, हा प्रश्न त्यात अवघड होता. भिलाई, राउरकेला आणि दुर्गापूर तिन्ही ठिकाणी काम सुरू होते आणि करार सोव्हिएत संघ, पश्चिम जर्मनी, ब्रिटन यांच्याशी झालेले होते. अर्ध्यात सोडले तर गेलेला पैसा वाया.

आयात आवळणे, ही दुसरी. ती लगेच करता येण्यासारखी होती आणि 1957 च्या जानेवारीपासून सुरूही झाली. पण आधी दिलेल्या परवान्यांपोटीची देणी तशीच येत राहणार होती. नवा शिक्का थांबवला तरी जुन्या शिक्क्याचे जहाज बंदरात लागणारच.

कर्ज काढणे, ही तिसरी. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, जागतिक बँक, अमेरिका.

शेती आणि छोट्या उद्योगांकडे पैसा वळवून आयातीची गरज असलेली कामे लांबवणे, ही चौथी. वकील-ब्रह्मानंद यांच्या युक्तिवादाची ही व्यवहारातली आवृत्ती म्हणता येईल.

पाचवी वाट रुपयाचे अवमूल्यन. निर्यात वाढवायला आणि आयात महाग करायला हा सरळ उपाय होता, पण तेव्हाच्या धोरणकर्त्यांनी तो गांभीर्याने घेतला नाही. निर्यात किमतीला फारसा प्रतिसाद देत नाही, असा समज त्यामागे होता. अवमूल्यन शेवटी जून 1966 मध्ये झाले, डॉलरला 4.76 रुपयांवरून 7.50 रुपये, तेही दुष्काळ आणि युद्धानंतर, मदत देणाऱ्यांच्या दबावाखाली.

काय केले गेले

नाणेनिधीकडून 1957 च्या सुरुवातीला 20 कोटी डॉलरची सोय करून घेतली. मेमधल्या अंदाजपत्रकात कृष्णम्माचारी यांनी संपत्ती कर आणि खर्च कर आणले. नवे परवाने जवळपास बंद झाले. परदेशी विक्रेता उधारीवर माल द्यायला तयार असेल तरच विचार होऊ लागला. उधारीने आजचे पौंड वाचले आणि देणे तिसऱ्या योजनेच्या माथी गेले.

याच काळात एक कायदा बदलला, त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. छापलेल्या नोटांच्या किमान 40 टक्के सोने आणि परकीय रोखे रिझर्व्ह बँकेने राखावे, असा जुना नियम होता. 1956 च्या ऑक्टोबरात तो काढून ठरावीक किमान रक्कम ठेवली: 400 कोटींचे परकीय रोखे आणि 115 कोटींचे सोने. वर्षभरात तीही पेलवेना. 1957 च्या ऑक्टोबरअखेर अध्यादेश काढून सोने आणि परकीय रोखे मिळून 200 कोटी, त्यात सोने 115 कोटींचे, एवढ्यावर आणले. टाकीतली पाण्याची पातळी खाली गेली म्हणून काठावरची धोक्याची खूण खाली ओढण्याचा हा प्रकार. कायद्याच्या दृष्टीने त्यात गैर काही नव्हते आणि हाताशी असलेले परकीय चलन वापरायला मिळाले हेही खरे. पण वर्षापूर्वी घालून घेतलेली मर्यादा आपण किती चुकीच्या अंदाजावर ठरवली होती, याची ही सरकारी कबुलीच होती.

खरा निर्णय 'योजनेच्या गाभ्या'चा. पोलाद, कोळसा, रेल्वे, बंदरे आणि त्यांच्याशी जोडलेली वीज ही कामे काहीही झाले तरी पूर्ण करायची, बाकीचे जमेल तसे. मे 1958 मध्ये पंतप्रधान आणि मुख्यमंत्र्यांच्या राष्ट्रीय विकास परिषदेने योजनेचे दोन भाग केले: 4,500 कोटींचा 'अ' भाग आणि पैसे मिळाले तरच हाती घ्यायचा 300 कोटींचा 'ब' भाग.

या 'अ' भागाची विभागणी मूळ योजनेशेजारी ठेवली की प्रकरण उलगडते. मोठे उद्योग आणि खाणी यांची तरतूद 690 कोटींवरून 790 कोटींवर गेली. शेती आणि सामूहिक विकास 568 वरून 510. पाटबंधारे आणि वीज 913 वरून 820. ग्रामोद्योग आणि लघुउद्योग 200 वरून 160. शाळा, दवाखाने, घरे यांचा समाजसेवांचा वाटा 945 वरून 810.

एकूण योजना आक्रसली आणि पोलादाचा वाटा वाढला. तंगीत जे तगवायचे ते ठरवले, हे ठीक. पण कर्वे समितीच्या ग्रामोद्योगांनी कापड-तेलाची गरज भागवायची आणि शेतीने धान्य पुरवायचे, हा महालनोबिस आराखड्याचाच दुसरा पाय होता. कात्री नेमकी त्याच पायावर चालली. 'गाभा' या शब्दाने प्रश्न मिटल्यासारखा वाटला, कारण गाभा सोडून जे उरते ते टरफल, असे आपोआपच मनात येते. धान्याला आणि हातमागाला टरफल कोणी ठरवले, हे त्या बैठकांत कोणी विचारले असेल तर त्याचा परिणाम आकड्यांत दिसत नाही.

यामागे कट वगैरे नव्हता. पोलादाच्या मागे परदेशी करार, ठरलेल्या तारखा आणि एक ताकदवान खाते होते. शाळेच्या इमारतीमागे कोणताही करार नव्हता. ती पुढच्या वर्षी बांधली तर कुठल्या देशाचा राजदूत दिल्लीत तक्रार घेऊन येणार नव्हता. कपात करायला जे सोपे, तेच कापले गेले.

उरलेली फट मदतीने भरली. 1957 च्या शरदात अर्थमंत्री अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीला जाऊन आले. 1958 च्या सुरुवातीला अमेरिकेने 22.5 कोटी डॉलरचे कर्ज जाहीर केले. फेब्रुवारीत मुंदडा प्रकरणावरून, म्हणजे आयुर्विमा महामंडळाचे पैसे हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवल्याच्या घोटाळ्यावरून, कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले आणि मोरारजी देसाई आले. दोन वर्षांच्या आत तिसरा पूर्णवेळ अर्थमंत्री. ऑगस्ट 1958 मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी, कॅनडा आणि जपान वॉशिंग्टनमध्ये भारताला मदत देण्यासाठी एकत्र बसले आणि सुमारे 35 कोटी डॉलरची हमी मिळाली. भारत मदत मंडळ म्हणून हाच गट पुढे अनेक वर्षे दरवर्षी भेटत राहिला. स्वावलंबनासाठी आखलेल्या योजनेतून परावलंबनाची एक स्थायी व्यवस्था जन्माला आली.

निष्पत्ती

राष्ट्रीय उत्पन्न पाच वर्षांत 25 ऐवजी 20 टक्क्यांनी वाढले. एवढेच पाहिले तर फार वाईट म्हणता येणार नाही. घाऊक भाव सुमारे 30 टक्क्यांनी चढले. परकीय गंगाजळीतून 200 ऐवजी 600 कोटींच्या आसपास गेले. तयार पोलादाचे लक्ष्य 43 लाख टन होते, 1960-61 मध्ये 24 लाख टन झाले. म्हणजे ज्याच्यासाठी बाकी सगळे कापले ते पोलादही वेळेत आले नाही. नत्रखताचे लक्ष्य 2.9 लाख टन, प्रत्यक्षात एक लाखाच्या आसपास. खताचे कारखाने मागे पडले आणि आयात खतही परकीय चलनाच्या त्याच रांगेत उभे होते.

बेरोजगारी हा सर्वांत कडू आकडा. योजना सुरू होताना 53 लाख लोक बेकार असल्याचा अंदाज होता. शेवटी तो 90 लाखांवर गेला. शेतीबाहेर 80 लाखांऐवजी 65 लाख रोजगार निर्माण झाले हे एक कारण. पण मुळातच लोकसंख्येचा अंदाज चुकला होता. 1961 मध्ये देशाची लोकसंख्या 40.8 कोटी असेल असे योजनेने धरले होते. त्या वर्षीच्या जनगणनेत ती 43.9 कोटी निघाली. तीन कोटींहून अधिक माणसे योजनेच्या हिशेबातच नव्हती. त्यामुळे दरडोई उत्पन्नातली वाढही ठरवलेल्या 18 टक्क्यांच्या निम्म्याच्या आसपास राहिली. मलेरिया आणि साथी आटोक्यात येऊन मृत्यूदर घसरत होता, हे या चुकीमागचे मुख्य कारण. आरोग्यातले यश नियोजनाच्या गणितात तूट म्हणून उमटले.

धान्याचे काय झाले? 1960-61 ला पाऊस चांगला झाला आणि नंतरच्या नोंदींनुसार 820 लाख टन धान्य पिकले. म्हणजे 805 लाख टनांचे लक्ष्य कागदावर गाठले गेले! पाच वर्षांच्या शेवटच्या खांबाशी उभे राहून मोजणाऱ्याला शेतीची योजना यशस्वी दिसेल. नुकसान मात्र 1957-58 मध्येच होऊन गेले होते.

वेगळे काय करता आले असते

मागे वळून शहाणपण सांगणे सोपे असते, म्हणून त्या वेळी हाताशी असलेल्या माहितीपुरतेच बोलतो.

परकीय चलनाची एक वही, म्हणजे दिलेले परवाने, बांधलेली देणी आणि पुढच्या अठरा महिन्यांचा अंदाज एकत्र ठेवणारे टेबल, एप्रिल 1956 मध्ये सुरू करता आले असते. त्याला नवे अर्थशास्त्र लागत नव्हते. लागत होते ते वाणिज्य, संरक्षण, रेल्वे आणि रिझर्व्ह बँक यांनी आपापले आकडे दुसऱ्याला दाखवणे. नेमके हेच झाले नाही. नियोजन आयोगाला मान होता, पण खात्यांकडून मासिक हिशेब मागून घेण्याची ताकद नव्हती. पंतप्रधान अध्यक्ष असल्याने खाती त्याचा शब्द मोडत नसत, आणि माहिती देतही नसत.

कपातीचा क्रम आधी ठरवता आला असता. 4,800 कोटींतली अर्धी रक्कम अनिश्चित आहे हे दस्तऐवजच सांगत होता. मग पैसे कमी पडले तर काय आधी थांबेल, हेही त्याच दस्तऐवजात लिहायला काय हरकत होती? राजकीय हरकत होती, हे उत्तर खरे आहे. प्रत्येक राज्याला आपले काम यादीत हवे होते आणि 'पैसे मिळाल्यास' हा शेरा कोणालाच आपल्या नावापुढे नको होता. पण 1958 मध्ये तो शेरा मारावाच लागला, आणि तो घाईत मारला गेला. शांतपणे ठरवला असता तर निदान ग्रामोद्योग आणि खत यांना गाभ्यात जागा मागायची संधी मिळाली असती. खताचा कारखाना हा अवजड उद्योगच आहे आणि शेतीही आहे. त्याला पोलादाइतके प्राधान्य का मिळू नये, याचे समाधानकारक उत्तर मला या सगळ्या कागदांत सापडत नाही.

शेनॉय यांचे ऐकले असते तर? भावांबद्दल त्यांचा इशारा खरा ठरला. परंतु छोट्या योजनेने चलनसंकट टळले असते का, याबद्दल मी साशंक आहे. पहिल्या वर्षीच्या गळतीचा मोठा भाग खाजगी आयातीचा होता आणि शेनॉय यांचा कल नियंत्रणे उठवण्याकडे होता. वकील-ब्रह्मानंद यांचा मुद्दा मला जास्त वजनदार वाटतो, पण त्यांच्या मार्गालाही राज्यांच्या शेतीखात्यांमधूनच जावे लागले असते.

इतर देशांत हीच दुखणी वेगळ्या क्रमाने दिसतात. नायजेरियाच्या 1962-68 च्या योजनेत जवळपास निम्मे भांडवल परदेशातून येईल असे धरले होते. घानाची 1964 मध्ये सुरू झालेली सात वर्षांची योजना कोकोच्या भावावर उभी होती. 1965 मध्ये भाव कोसळला आणि 1966 च्या फेब्रुवारीत तिथले अध्यक्ष एन्क्रुमा यांची सत्ताच गेली. भारतात सत्ता टिकली, निवडणुका वेळेवर झाल्या आणि योजनेची चिकित्सा उघडपणे होत राहिली, हा फरक छोटा नाही.

पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पुढे सातत्याने सांगत राहिले की आयोग खर्चाच्या याद्या बनवतो, पण भाव, वाटप आणि नियंत्रण यांच्या धोरणाची चौकट बनवत नाही. तिसऱ्या योजनेने (1961-66) परकीय चलनाचा हिशेब जास्त काळजीने मांडला, पण धान्याचे लक्ष्य 1,000 लाख टन ठेवले. 1965-66 च्या दुष्काळात 720 लाख टनांच्या आसपास पिकले. चौथी योजना तीन वर्षे पुढे ढकलावी लागली. पंचवार्षिक योजनांच्या या सुटीच्या काळात, 1967 मध्ये, गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीला गेले. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र 1969 मध्ये आले. केंद्राची मदत राज्यांना कोणत्या निकषांवर मिळेल, हे त्यामुळे पहिल्यांदा आधी आणि लेखी ठरले. राज्यांनी तो पैसा कोणत्या कामांवर खर्च करावा, हा वाद मात्र त्यानंतरही दिल्ली आणि राज्यांच्या राजधान्यांमध्ये चालूच राहिला.